खाणीतला हवेचा बोगदा आणि आपल्या वस्तीतली विहीर



मागच्या उन्हाळ्यात परतूर तालुक्यातल्या एका वस्तीत विहिरीचा गाळ काढण्याचे काम चालू होते. गावाचे आणि माणसांचे नाव आम्ही लिहीत नाही. घरच्या मंडळींनी तशी विनंती केली आहे. विहीर चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. तळाशी पाणी होते. ते उपसायला डिझेल इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवले होते. सकाळी दोन तास इंजिन चालले. पाणी कमी झाल्यावर इंजिन बंद केले आणि एक जण खाली उतरला. पाटीत गाळ भरायला तो वाकला आणि तिथेच बसला. वरच्यांना वाटले, उन्हाने चक्कर आली असेल. त्याचा धाकटा भाऊ धावत पायऱ्या उतरला, तो अर्ध्यातच आडवा झाला. तिसरा उतरायला निघाला होता. त्याच्या आईने त्याला कमरेला मिठी मारून धरले, म्हणून तो वर राहिला. अग्निशमन दलाची माणसे पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरली आणि दोघांना वर काढले. धाकटा पायऱ्यांवर होता, तो वाचला. थोरला तळाशी होता, तो गेला.

दर पौर्णिमेला आम्ही विहारात आरोग्याची बैठक घेतो. त्या पौर्णिमेला एका आजींनी विचारले, “सिस्टर, विहिरीचं तोंड तर केवढं मोठं उघडं असतंय. खालून वर बघितलं तर आभाळ दिसतंय. मग हवा खाली जात कशी नाही?”

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. आम्ही नर्सिंग शिकलो, ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला शिकलो, दम लागलेल्या माणसाला कसे बसवायचे ते शिकलो. विहिरीतल्या हवेबद्दल मात्र आम्हाला कोणी शिकवले नव्हते. उत्तर सापडले ते कोळशाच्या खाणीच्या इतिहासात. आमच्यातल्या एका ताईंचे मामा चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत कामाला होते. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो की त्यांच्याकडे मुक्काम असायचा. ते सांगायचे, “खाणीत सगळ्यात मोठं यंत्र कोळसा काढायचं नसतं, हवेचं असतं. पंखा थांबला की कोळसा तिथंच सोडून माणसं वर घ्यायची.” तेव्हा आम्ही ते नुसते ऐकून घेतले. आता त्याचा अर्थ समजला, आणि तो वाचकांना सांगावा म्हणून हा लेख.

उघड्या तोंडातून हवा खाली का जात नाही

हवा दिसत नाही, पण तिला वजन असते. गार हवा जड, तापलेली हवा हलकी. उन्हाळ्यात दुपारी विहिरीबाहेरची हवा तापून हलकी झालेली असते आणि विहिरीतली हवा गार, म्हणून जड असते. जड हवा माठातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. वरून वारा वाहिला तरी तो तोंडावरून निघून जातो, आतली हवा हलत नाही. आणि गाळ काढायची वेळ नेमकी उन्हाळ्यातच येते.

या बसलेल्या हवेत बदल होत असतो. चांगल्या हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग ऑक्सिजन असतो. गाळ, पाला, शेवाळ सडताना तो ऑक्सिजन खाल्ला जातो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळालाच साचतो. ऑक्सिजन १६-१७ भागांवर आला की कंदील विझतो आणि माणसाचे डोके नीट चालेनासे होते. १० भागांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. ६ भागांवर काही मिनिटांत जीव जातो. अशा हवेत गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

विहिरीत इंजिन चालवले असेल तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा विषारी वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला लाल घटक, म्हणजे हिमोग्लोबिन, ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

आता कोळशाची खाण डोळ्यांपुढे आणा. शेकडो फूट खोल विहीर, आणि तिच्या तळापासून चहूकडे मैलोगणती गेलेले बोगदे. कोळशातून मिथेन वायू सुटत असतो, तो पेट घेतो. उघडा पडलेला कोळसा स्वतःच हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि तापतो. त्यात माणसांचा श्वास, घाम, धूळ, सुरुंगाचा धूर. तिथे हवा आपोआप येईल अशी वाट पाहत बसले तर एक पाळीही पूर्ण होणार नाही.

दोन विहिरी आणि एक भट्टी

इंग्लंडमधल्या खाणवाल्यांनी जुन्या काळात यावर एक उपाय काढला. खाणीला दोन विहिरी खणायच्या. एका विहिरीच्या तळाशी मोठी भट्टी पेटवायची. भट्टीने तापलेली हवा हलकी होऊन त्या विहिरीतून वर जाणार. तिची जागा भरायला दुसऱ्या विहिरीतून ताजी हवा खाली येणार आणि सगळ्या बोगद्यांतून फिरून भट्टीकडे जाणार. आपल्या घरात चुलीवर धुराडे असले की धूर वर जातो आणि दारातून गार हवा आत येते, तोच हा हिशेब.

यात दोन वाटा लागतात, येण्याची एक आणि जाण्याची एक. पण दुसरी विहीर खणायला पैसा लागतो. म्हणून काही मालकांनी एकच विहीर खणली आणि मधोमध लाकडी फळ्यांची भिंत उभी केली. एका बाजूने हवा खाली, दुसऱ्या बाजूने वर. कागदावर वाटा दोन, पण भोक एकच.

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड भागातली हार्टली ही खाण अशीच होती. १६ जानेवारी १८६२ रोजी तिथल्या पाणी उपसण्याच्या इंजिनाची अवजड लोखंडी तुळई तुटली आणि तिचा अर्धा भाग विहिरीत कोसळला. लाकडी भिंत मोडली, दगड-माती पडली, विहीर बुजली. बाहेर पडायची वाट गेली आणि हवेच्या दोन्ही वाटाही गेल्या. वरची माणसे दिवसरात्र ढिगारा उपसत होती. सहा दिवसांनी आत पोहोचले तेव्हा कोणी जिवंत नव्हते. २०४ पुरुष आणि मुले गेली. खाली अडकलेल्यांच्या अंगावर दगड पडले नव्हते. त्यांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. बाप आणि मुलगे एकमेकांजवळ बसलेल्या स्थितीत सापडले.

त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने कायदा केला की खाणीला बाहेर पडण्याच्या दोन वेगळ्या वाटा असल्याच पाहिजेत. दोन विहिरी चांगल्या हे तिथल्या खाणवाल्यांना आधीपासून ठाऊक होते. खर्च कोणी करायचा एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न २०४ जीव गेल्यावर सुटला.

हवेचा बोगदा म्हणजे काय

भट्टीचा उपाय धोक्याचा होता. मिथेन असलेल्या खाणीत खाली आग पेटती ठेवायची म्हणजे सुरुंगाच्या कोठारात चूल मांडण्यासारखे होते. १८६० नंतर वाफेवर चालणारे मोठे पंखे आले. अभियंते गिबाल यांचा पंखा त्या काळात गाजला. पंखा जमिनीवर बसवायचा आणि खाणीतली वापरलेली हवा त्याने बाहेर ओढून काढायची. हवा ओढली गेली की दुसऱ्या विहिरीतून ताजी हवा आपोआप आत शिरते.

हा पंखा विहिरीच्या तोंडावर सरळ बसवत नाहीत. विहिरीच्या तोंडाखाली थोड्या अंतरावरून बाजूला एक बोगदा काढतात. तो तिरका वर येतो आणि पंखाघराला मिळतो. हाच हवेचा बोगदा. विहिरीचे वरचे तोंड झाकून टाकतात. तिथून ये-जा करायची असेल तर एकामागे एक दोन दरवाजे ठेवतात आणि एक लागल्याशिवाय दुसरा उघडत नाहीत. तोंड उघडे राहिले तर पंखा जवळची, म्हणजे वरचीच हवा ओढत बसेल आणि खालची हवा जागची हलणार नाही.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नुसते मोठे तोंड उघडे असून भागत नाही. हवा तळापर्यंत पोहोचवायची तर तिला बांधून दिलेली वाट लागते आणि ढकलणारे किंवा ओढणारे काहीतरी लागते.

पंखा बाजूला ठेवण्याचे दुसरे कारण जिवाचे आहे. खाणीत स्फोट झाला तर त्याचा झोत विहिरीतून सरळ वर येतो. पंखा समोर असेल तर तो पहिल्याच झटक्यात मोडेल आणि वाचलेल्या माणसांची हवा बंद होईल. म्हणून विहिरीवर झोताने उघडणारी हलकी झाकणे असतात आणि पंखा बाजूच्या बोगद्यात सुरक्षित राहतो. खाली कुठे आग लागली तर धूर माणसांकडे जाऊ नये यासाठी हवेची दिशा उलटी फिरवण्याचीही सोय केलेली असते.

आत गेलेली हवा जवळच्या वाटेने परत बाहेर पळू नये म्हणून बोगद्यांत भिंती, दरवाजे आणि जाड कापडाचे पडदे लावतात. इंग्लंडमध्ये एके काळी या दरवाजांवर मुले बसवत. पाच-सहा वर्षांची मुले. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे, गाडी गेली की बंद करायचे. दहा-बारा तास अंधारात एकट्याने बसायचे. मूल झोपले आणि दार उघडे राहिले तर पुढच्या माणसांची हवा तुटायची. एवढ्या जिवांची जबाबदारी सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त मजुरावर टाकलेली होती. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सर्व स्त्रियांना तिथे खाणीत उतरवायला बंदी झाली.

आपल्याकडच्या खाणी

परतूरवरून जाणारी रेल्वे निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमारास सुरू झाली. जुन्या लोकांनी या रुळांवर कोळशाची इंजिने पाहिलेली आहेत. निजामाच्या रेल्वेला कोळसा पुरवणाऱ्या मुख्य खाणी सिंगरेणीच्या. आजच्या तेलंगणातल्या येलंदूला १८८९ मध्ये तिथला कोळसा काढायला सुरुवात झाली. आपल्या विदर्भात वरोऱ्याची खाण इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात चालू केली, त्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि बल्लारपूरची खाण पुढे आली. आज वणी, घुग्घुस, माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर, उमरेड, सावनेर हा सगळा कोळशाचा पट्टा आहे. तिथल्या बहुतेक खाणी वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडकडे आहेत. काही उघड्या आहेत, काही भूमिगत.

वर्धा खोऱ्यातला कोळसा हवा लागली की आपोआप तापतो आणि पेटतो. म्हणून तिथे हवेचा हिशेब दुहेरी ठेवावा लागतो. माणसे काम करतात तिथे भरपूर हवा पोहोचली पाहिजे, आणि काम संपलेल्या, सोडून दिलेल्या भागात ती पोहोचता कामा नये. असे भाग पक्क्या भिंती बांधून बंद करतात.

भारतात खाणींसाठी पहिला कायदा १९०१ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. त्याखाली कोळसा खाणींसाठी १९५७ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये नियम केले गेले. त्यातले हवेचे काही आकडे वाचकांनी जरूर वाचावेत. कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी नको. कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. परत जाणाऱ्या हवेत मिथेन पाऊण टक्क्यापेक्षा जास्त नको. आणि सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे दर मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे. रोजचे कोळशाचे उत्पादन मोठे असेल तर त्या हिशेबाने याहून अधिक.

६ घनमीटर म्हणजे ६,००० लिटर. आपल्या दारातल्या २०० लिटरच्या ड्रमने मोजले तर एका माणसासाठी दर मिनिटाला ३० ड्रम हवा. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा श्वासात घेतो. कष्टाचे काम करताना ५० लिटर किंवा त्याहूनही जास्त लागते. मग ६,००० कशाला? कारण हवा नुसती श्वासासाठी नसते. विषारी वायू, धूळ आणि उष्णता वाहून बाहेर नेण्याचे कामही तिलाच करायचे असते.

बाबासाहेब खाणीत उतरले होते

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. देशातल्या खाण मजुरांचा विषय त्यांच्या खात्याकडे होता. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले. नुसत्या कचेरीत बसून कागद पाहिले नाहीत, ते स्वतः खाणीत उतरले. मजूर कसे काम करतात ते पाहिले आणि त्यांची घरेही पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांवर खर्च करायचा, अशी ती योजना होती. त्या निधीतून पुढे धनबाद आणि आसनसोल इथे मोठी रुग्णालये उभी राहिली.

त्या काळातली एक गोष्ट आम्ही बायकांनी विसरू नये. स्त्रियांना जमिनीखाली काम करायला १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळशाची टंचाई झाली म्हणून सरकारने १९४३ मध्ये ती बंदी उठवली. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच हे झाले आणि त्यावर टीकाही झाली. केंद्रीय विधिमंडळात बाजू मांडताना त्यांनी सांगितले की युद्धकाळाची ही तात्पुरती गरज आहे, आणि या कामात स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

मजूर जिथे काम करतो तिथली हवा, पाणी, घर हा सरकारचा आणि मालकाचा विषय आहे, मजुराच्या नशिबाचा नाही, हे त्या निधीमागचे म्हणणे होते. खाण मजुरांसाठी कायदा झाला, आकडे ठरले, तपासायला निरीक्षक नेमले गेले. अपघात आजही होतात, पण निदान विचारायला नियम आहे.

विहिरीला पंखाघर नाही

आता आपल्या वस्तीकडे येऊ. विहिरीचा गाळ काढायला कोण उतरतो? संडासाच्या टाकीत कोणाला उतरवतात? ते आम्ही या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. खाणीत दर माणसामागे ३० ड्रम हवेचा नियम आहे. विहिरीच्या कामाला आलेल्या माणसाला उतरण्यापूर्वी फार तर एक विडी आणि एक कप चहा मिळतो. गाळ काढून घेणाऱ्याला मजुरीचा भाव माहीत असतो, हवेचा खर्च त्याच्या हिशेबात नसतो.

आपल्या जुन्या माणसांना या हवेची ओळख होती. मराठवाड्यात धान्याची पेवे असत. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. एखादा दिवस ते उघडे ठेवायचे, मग दोरीने कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. ही शहाणपणाची रीत होती. पण तिच्यात एक त्रुटी आहे, ती समजून घ्या. कंदील फक्त ऑक्सिजन कमी आहे का तेवढेच सांगतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा टाकीतला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू माणूस मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो. म्हणून कंदील विझला तर उतरू नका, पण कंदील जळतोय म्हणून उतरा असे समजू नका. आणि संडासाच्या टाकीत कंदील, काडी, विडी काहीही नेऊ नका. तिथल्या मिथेनने भडका उडतो.

सडक्या अंड्याच्या वासाचा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो थोडा असतो तेव्हा वास येतो. तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. “आधी वास येत होता, आता गेला, म्हणजे घाण हवा निघून गेली,” असे समजून माणसे उतरतात. खरे तर त्या वेळी धोका सर्वांत मोठा असतो.

विहिरीच्या कामाला जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढे पाळावे:

१. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका. वरून ओढणारा पंप २०-२५ फुटांपलीकडचे पाणी उचलू शकत नाही, म्हणून लोक इंजिन खाली नेतात. त्याऐवजी पाण्यात बुडणारी विजेची मोटर भाड्याने आणावी. आधी इंजिन आत चालवले गेले असेल तर त्या दिवशी उतरू नका.

२. उतरण्यापूर्वी हवा भरा. वर पंखा लावून भागत नाही. हवा फेकणारा ब्लोअर वर, स्वच्छ हवेत ठेवायचा आणि त्याला जोडलेला जाड पाईप तळापर्यंत सोडायचा. पाईपातून चांगली हवा तळाला जाते आणि तिथली खराब हवा तोंडातून वर येते. हाच आपला हवेचा बोगदा. निदान अर्धा तास आधी चालू करा आणि माणूस वर येईपर्यंत बंद करू नका. मामा सांगायचे तोच नियम इथेही: ब्लोअर थांबला की माणूस वर. वायू मोजणारे यंत्र मिळत असेल तर ते आधी खाली सोडून पाहणे सर्वांत चांगले.

३. उतरणाऱ्याच्या छातीला आणि काखेतून दोर बांधलेला हवा आणि दोर धरायला वर तीन माणसे हवीत. दर मिनिटाला हाक मारा. उत्तर आले नाही तर कारण शोधत बसू नका, ओढून घ्या.

४. खाली माणूस पडला तर दुसऱ्याने उतरू नये. हे सांगताना आम्हालाही जड जाते, कारण भाऊ खाली पडलेला असताना वर उभे राहणे सोपे नसते. पण दुसरा उतरला की पहिला वाचत नाही, दुसराही जातो. ज्या हवेने पहिल्याला पाडले तीच हवा तिथे असते. वरून ब्लोअर चालू ठेवा, अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.

५. माणूस वर आल्यावर मोकळ्या हवेत आडवा करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाब द्या, मिनिटाला १०० ते १२०. गाडी येईपर्यंत थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर “विहिरीत इंजिन चालू होते” हे न विचारता सांगा. बोटाला लावायचे यंत्र कार्बन मोनॉक्साइडच्या रुग्णात आकडा चांगला दाखवते, त्यामुळे फसगत होऊ शकते. अशा रुग्णाला मास्कने भरपूर ऑक्सिजन लागतो. शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणू नका.

संडासाच्या टाकीबद्दल आम्ही वेगळी यादी देत नाही. तिथे एकच नियम आहे: उतरायचे नाही. नगर परिषदेची किंवा भाड्याची मैला उपसणारी गाडी बोलवायची. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटार-टाकीत मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. त्याआधी ही रक्कम १० लाख होती. कायमचे अपंगत्व येऊन माणूस कमावता राहिला नाही तर किमान २० लाख. पाचशे-हजार रुपये जास्त देतो म्हणून कोणी बोलावले तर हे आकडे त्याला सांगा.

खर्च कोणी करायचा

हार्टलीच्या खाणीत दुसरी विहीर खणली नाही, कारण खर्च मालकाचा होता आणि मरण मजुराचे. आपल्याकडेही ब्लोअरचे भाडे कोणी द्यायचे यावर बोलणे निघते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याची विहीर, त्याने द्यायचे. गुत्ते ठरवतानाच मजुरीच्या बरोबर ब्लोअर, पाईप आणि दोर यांचा खर्च सांगायचा. तो मान्य नसेल तर ते काम सोडायचे. एका घराने सोडले तर दुसरे घर घेते, म्हणून हे वस्तीने मिळून ठरवावे लागते.

त्या पौर्णिमेच्या बैठकीनंतर आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने बचतीतून ६० फूट जाड पाईप, एक ब्लोअर आणि एक नवा दोर घेतला. सामान विहारातल्या कपाटात ठेवले आहे आणि त्याची वही केली आहे. ज्या घरचा माणूस विहिरीच्या कामाला जाईल त्याने सही करून न्यायचे आणि भाडे काम देणाऱ्याकडून घेऊन मंडळात जमा करायचे. या उन्हाळ्यात ते सामान सात वेळा गेले आणि सातही वेळा माणसांबरोबर परत आले. वहीतली पहिली सही त्या वाचलेल्या धाकट्या भावाची आहे.

आजींना आम्ही पाईप दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन त्याच्या तोंडाशी गाल नेला. ब्लोअर चालू होता. म्हणाल्या, “एवढंच लागत होतं व्हय?”

हो आजी, एवढेच लागत होते.

जयभीम, नमो बुद्धाय.